खाणीतली निळी पिशवी

वन्सं गेल्या त्याला आता पाच आठवडे होतील. मी कचेरीत आवक-जावक लिहीत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या हसीनाभाभीचा फोन आला. "वहिनी, ताई उठत नाय. हाका मारल्या, हलवलं पण... तू हातातलं टाक नि ये." रिक्षा मिळाली, रिक्षावाल्यानं काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि घरी पोचले तर वन्सं मागच्या दारी पायरीवर भिंतीला टेकून बसल्यासारख्याच होत्या. शेजारी सोललेल्या नारळांची सोडणं एकावर एक नीट रचलेली, कोयती बाजूला ठेवलेली. हसीनाभाभीनं त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा केला होता आणि ती त्यांचा हात धरून बसली होती. डॉक्टर येऊन गेले होते. तासाभरापूर्वीच सगळं संपलं असं ते म्हणाले. मी घरात जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि कशाला आणला ते मला कळेना.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, सरोजिनी. कॉलनी त्यांना ताई म्हणायची. तेराव्याला संध्याकाळी बाराही घरची माणसं आमच्या अंगणात जमली. सावंतभाऊ बोलायला उभे राहिले. ते कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन जमाना झाला तरी साक्षीदार तपासल्यासारखे बोलतात. पण त्या दिवशी त्यांचा आवाज भरून आला होता. ताईंनी आपली विहीर राखली, कचऱ्याला हात कसा लावायचा ते आपल्याला शिकवलं, असं ते म्हणाले. मग जरा हसून पुढे म्हणाले, "पण ताई पण माणूसच हो. एकदा त्यांचीच पिशवी खाणीत सापडली होती... आठवतंय ना सगळ्यांना?" सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मायेनंच हसले. आणि मीही हसले.

त्या हसण्याचा मला अजून राग येतोय. ती पिशवी वन्संची नव्हती. ती माझी होती. हे वाक्य मी दहा वर्षं तोंडात धरून बसले आणि त्या जिवंत असताना एकदाही चारचौघांत उच्चारलं नाही. नुसतं एवढं लिहूनही भागणार नाही, कारण पिशवीत काय होतं ते सांगितल्याशिवाय वन्सं खोटं का बोलल्या ते कुणाला कळणार नाही. आणि ते सांगायचं तर मला आणखी एका माणसाला विचारणं भाग होतं. ते विचारून झाल्यावरच हे लिहायला बसले आहे.

आमची कॉलनी रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. घरं सगळी जांभ्याच्या चिऱ्यांची आणि चिरे सगळे कॉलनीमागच्याच खाणीतले. घरं झाली, कामाचा दगड संपला, ठेकेदार निघून गेला आणि मागं दोन पुरुष खोल, काटकोनात कापलेला खड्डा राहिला. शहराची कचरागाडी आमच्यापर्यंत येत नव्हती. मग काय, खाण आयतीच होती. सकाळी दूध आणायला जाताना पिशवी न्यायची आणि काठावरून भिरकावायची. सगळे असंच करायचे. खाली सगळा कातळ आहे, कातळात टाकलेलं जाणार कुठं, असं आम्ही छातीठोकपणे एकमेकांना सांगायचो. देशावरून आलेल्या एखाद्या पाहुण्यानं नाक मुरडलं तर त्याला कोकणातली जमीन कशी असते ते समजावून द्यायचो. आणि त्याच खाणीच्या उताराला, शंभरेक पावलांवर, बाराही घरांची विहीर होती.

वन्सं अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे राहायला आल्या. तरुणपणीच वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही, दापोलीकडे बुरोंडीला मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान तेव्हा पोफळीला पॉवरहाऊसवर, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे घरात आम्ही तिघी: वन्सं, मी आणि तेरा वर्षांची माझी लेक. वन्सं आल्या त्याच आठवड्यात मागच्या पडवीत त्यांनी तेलाचे चार रिकामे डबे मांडले. भाजीपाल्याची देठं एकात, कागद एकात, काच आणि पत्रा एकात, प्लास्टिक एकात. माशाचं धुणं आणि खवलं थेट माडाच्या आळ्यात. सोडणं बंबात. जुन्या पँटींच्या पिशव्या शिवल्या आणि मला कचेरीत जाताना हातात द्यायला लागल्या. मच्छीबाजारात कोळीण प्लास्टिकच्या पिशवीत बांगडे घालायला लागली की त्या आपला झाकणाचा डबा पुढे करायच्या, आणि कोळीण त्यांना माहेरून, आवशीच्या घरून डबा घेऊन आलीस काय, असं चिडवायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. लाज वाटायची ती मला.

खरं सांगायचं तर माझ्या नाकी नऊ आले होते. दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून त्या दोरीवर वाळत घालायच्या, माझ्या साड्यांच्या मधोमध. कचेरीतल्या मैत्रिणी आल्या त्या दिवशी दोरीवर सतरा पिशव्या फडफडत होत्या. मी एकदा न राहवून म्हटलं की वन्सं, एवढ्याशा पिशवीनं काय होतंय. त्या म्हणाल्या की बुरोंडीला समुद्रात टाकलेलं समुद्र ठेवून घेत नाही, दुसऱ्या दिवशीची भरती ते आणून दारात ठेवते. तीस वर्षं शाळेतल्या मुलांना घेऊन त्यांनी तो किनारा झाडला होता. मी मनात म्हटलं, इथं कुठं आलाय समुद्र. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. मास्तरणीचा आवाज होता त्यांचा, ऐकला की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि त्याला कसलासा वास यायला लागला. वन्संनी बाराही घरं आमच्या अंगणात बोलावली. दोन घमेली उलटी घालून त्यांवर एक चिरा आडवा ठेवला, खाली पांढरं ताट सरकवलं आणि चिऱ्यावर बादलीभर नीळ कालवलेलं पाणी हळूहळू ओतलं. कुणाला कळेना काय चाललंय. सावंतभाऊंनी तर काय ताई, जादूचे प्रयोग काय, असं विचारलं. थोड्या वेळानं ताटात पहिला निळा थेंब पडला. मग दुसरा. मग बघता बघता ताटाचा तळ निळा झाला. वन्सं म्हणाल्या, "तुमचा कातळ हा असा आहे. चाळण आहे ती. खाणीत जे टाकतो ते आपण पितो." त्या दिवशी ठरलं की खाणीत कुणी काही टाकायचं नाही. ओलं ज्याच्या त्याच्या परसात, सुकं धुऊन पुसून महिन्यातून दोनदा येणाऱ्या भंगारवाल्याला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आता पिशवीबद्दल. आमच्या पिढीनं मासिक पाळीला जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या, धुतल्या, कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातल्या आणि वर्षानुवर्षं ओलसर घड्या वापरून खाज आणि पुरळ सोसलं. लेकीला पाळी आली तेव्हा मी ठरवलं, हिच्या वाट्याला हे नको. केमिस्टकडून पॅड आणायला लागले, तिच्यासाठी आणि मग माझ्यासाठीही. केमिस्ट ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, इकडे तिकडे बघून द्यायचा. पण वापरलेलं कुठं टाकायचं? आळ्यात कुजत नाही. भंगारवाला घेणार नाही. चार डब्यांत त्याला जागा नाही, आणि वन्संना विचारायचं तर माझी जीभ रेटेना. ज्या घरात हा विषय हातवारे करून बोलला जायचा त्या घरातल्या आम्ही दोघी. मग मी तेच केलं जे आधी करत होते. लेकीच्या जुन्या वह्यांची पानं फाडायची, त्यांत गुंडाळायचं, साडीच्या दुकानातल्या निळ्या पिशवीत भरायचं, सुतळीच्या दोन गाठी मारायच्या आणि दुधाला जाताना खाणीत टाकायचं. महिन्याला एक पिशवी. मी स्वतःला सांगायचे की एवढ्यानं काही होत नाही. निळा थेंब मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला होता तरीही.

पावसाळाभर खाणीत पाणी साचलेलं असायचं आणि पिशव्या त्यावर तरंगायच्या. त्यांत तीन-चार माझ्या असतील, पण बाकीच्या दहा-पंधरा होत्या. वन्सं रोज काठावर जाऊन बघून यायच्या आणि रोज त्यांचं तोंड अधिक आवळलेलं असायचं. घरोघरी विचारलं तर प्रत्येकानं कानावर हात ठेवले. सावंतभाऊ तर म्हणाले की बाहेरचे लोक येऊन टाकत असतील, पुरावा काय? तिथं वन्संचं चुकलं असं मला आजही वाटतं. त्या चिडल्या. वर्गात खडू चोरीला गेला की दप्तरं तपासायच्या, तसंच त्यांना इथंही करावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग पिशव्याच सांगतील. रविवारी सगळ्यांनी या. माझ्या घरातून एक कागदाचा कपटा गेला असेल तर मी पुन्हा कुणाला तोंड उघडून शिकवणार नाही." हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या आणि मी त्यांच्या मागे उभी होते. रविवारला अजून तीन दिवस होते. तीन दिवसांत मला त्यांना कितीदा तरी गाठून सांगता आलं असतं. एकदा भाजी निवडताना मी वन्सं, असं म्हटलंही. त्यांनी मान वर केली... आणि मी विचारलं, मीठ किती घालू?

रविवार आला. दसरा होऊन गेला होता, खाणीतलं पाणी खाली गेलं होतं आणि उन्हानं पिशव्यांचा असा वास सुटला होता की माणसं नाकाला रुमाल लावून काठावर उभी होती. यजमान होते, पण त्यांना या सगळ्याचा पत्ता नव्हता, ते आपले कौतुकानं बहिणीकडे बघत होते. लेक हसीनाभाभीच्या शेजारी उभी होती. वन्सं पदर खोचून, आंबे काढायची आकडी आणि कोयती घेऊन खाली उतरल्या. बासष्टाव्या वर्षी. पहिली पिशवी ओढली, कोयतीनं गाठ कापली, आतून लग्नपत्रिका निघाली, त्यावर तिसऱ्या घरातल्यांचं नाव. त्यांच्याकडची सून रडायला लागली. दुसरीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि सावंतभाऊंच्या नावाचं पाकीट. सावंतभाऊंचा चेहरा लालबुंद झाला. हात मागे बांधून ते जे उभे राहिले ते तसेच राहिले. आणि मग आकडीच्या टोकाला निळी पिशवी लागली.

मी गाठ ओळखली. दोन गाठी, सुतळीच्या. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि माझे ओठ चिकटून बसले होते. वन्संनी गाठ कापली, तोंड उघडलं, आत हात घातला आणि एक कागद अर्धवट बाहेर काढला. भूगोलाच्या चाचणीचं पान होतं ते. वरच्या कोपऱ्यात माझ्या लेकीचं नाव, इयत्ता, तुकडी, तिच्याच गोल अक्षरात. पान कशाभोवती गुंडाळलेलं आहे ते त्यांना दिसलं. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता. क्षणभरच त्यांनी डोळे मिटले. मग तो कागद आत सारला, पिशवीचं तोंड मुठीत घट्ट पिळलं आणि पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

कुणाला ऐकू आलं नाही की काय, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. ही माझी पिशवी, मी टाकली. सावंतभाऊ काठाच्या अगदी टोकाला आले. आमच्या उघडून चव्हाट्यावर मांडल्यात, तर तुमचीही मांडा, असं ते म्हणाले. बाकीच्यांतूनही दोघं-तिघं होय होय म्हणाले. वन्संनी मान हलवली. सावंतभाऊंनी आवाज चढवला, की काय आहे त्यात, न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे. तेवढ्यात त्यांचा पुतण्या पुढे होऊन खाली उतरायला लागला. तिथं शाळेतली पोरं होती, माझ्या लेकीच्याच वर्गातली दोन. वन्संनी कोयती उगारली नाही, पण ती ज्या हातात होती तो हात जरासा पुढे केला. "गुन्हा कबूल केलाय भाऊ. कबूल केल्यावर झडती घेतात काय तुमच्या कोर्टात?" सावंतभाऊ थबकले. पुतण्याला त्यांनी हातानंच मागे घेतलं. मग म्हणाले, ठीक आहे, पण शब्द दिलाय तुम्ही, यापुढे आम्हाला शिकवायला यायचं नाही. वन्सं म्हणाल्या, बरं. एवढंच. माणसं पांगली. जाताना कुणीतरी आधी स्वतःचं घर बघावं माणसानं, असं मोठ्यानं म्हणालं. यजमान सुन्न होऊन उभे होते. आणि मी, जिच्यामुळे हे सगळं झालं ती मी, वन्संना खाणीतून वर यायला हात दिला.

घरी आल्यावर त्या मागच्या दारी कितीतरी वेळ हातपाय धूत बसल्या. यजमानांनी विचारायला सुरुवात केली तर, बायकांच्या गोष्टीत पडू नकोस, असं म्हणून त्यांनी त्यांना बाहेर पाठवलं. मी स्वयंपाकघरात उभी होते, आता बोलणी खायची तयारी करून. खरं तर मला ती हवी होती. त्या आत आल्या, चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिच्या वहीची पानं घेऊ नकोस गो. नाव असतं त्यावर."

मी ओट्याला धरून रडले. मी म्हटलं की आत्ता जाते आणि सगळ्यांना सांगून येते. वन्सं म्हणाल्या की सांगायला जाशील आणि पोरीला त्या शाळेत अजून दोन वर्षं काढायची आहेत. पोरं कशी असतात ते मला विचार, तीस वर्षं पाहिलीत. माझं काय जाणार आहे? त्यांचं काय गेलं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण मी गप्प बसले, आणि मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही. त्यांनी मला मनाई केली हे खरं, पण ती मनाई मला हवीच होती.

व्हायचं तेच झालं. ताईच टाकतात तर आपण का नाही, असं म्हणत सगळी कॉलनी पुन्हा खाणीवर गेली, पहिल्यापेक्षा जास्त. वन्सं शब्दाला जागल्या, कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात हसीनाभाभीच्या धाकटीला कावीळ झाली. सात वर्षांची पोर, बाप दुबईला बोटीवर. कावीळ उतरेना, पोरीला इस्पितळात ठेवावं लागलं, डोळे हळदीसारखे पिवळे. विहिरीचं पाणी तपासायला दिलं तर पिण्यालायक नाही असा शेरा आला. हसीनाभाभी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेली आणि तिला डबा द्यायला मी गेलेली. ती म्हणाली, "वहिनी, ताईंचं ऐकायला हवं होतं नाय? पण त्यांनीच असं केलंनी, मग कुणाचं ऐकायचं..." मला तिथल्या तिथं जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. मी डबा तिच्या हातात दिला आणि बस पकडायची आहे असं सांगून निघाले. पोर वाचली. ती वाचली नसती तर मी आज हे लिहू शकले असते का, मला माहीत नाही.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं गोणपाट आणि आकडी घेऊन एकट्याच खाणीत उतरल्या. कुणाला बोलवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. शिकवायचं नाही असं ठरलं होतं, उपसायचं नाही असं नव्हतं. एकेक पिशवी न उघडता गोणीत भरायची, वर आणायची, टेम्पोवाल्याला सांगून शहराच्या गाडीपर्यंत पोचवायची. आता त्या एकही गाठ सोडत नसत. कॉलनीत म्हणायचे, बाई प्रायश्चित्त घेतायत. दुसऱ्या रविवारी मी उतरले. तिसऱ्या रविवारी हसीनाभाभी बुरखा काढून, ओढणी कमरेला बांधून आली. दोन महिन्यांनी सावंतभाऊ आले, कुणाशी न बोलता दोन गोण्या वर नेल्या आणि निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. दोन हिवाळे लागले खाणीचा तळ दिसायला. तोवर टाकायचं कुणाला धैर्यच राहिलं नव्हतं, कारण टाकलेलं रविवारी आपल्यालाच उचलावं लागायचं. दोन पावसाळे आणखी गेले, तेव्हा विहिरीच्या पाण्याला चांगला शेरा मिळाला. तो कागद सावंतभाऊंनी स्वतः आणून वन्संच्या हातात दिला.

आणि ते दुसरं, वहीच्या पानांत गुंडाळायचं ते? मागच्या दारी, न्हाणीघराच्या आडोशाला वन्संनी चिऱ्यांची एक लहानशी भट्टी रचून घेतली, वर पत्र्याचं झाकण. कुणी विचारलं तर पाचोळा जाळायला, असं सांगायच्या. माझ्यासाठी त्यांनी मऊ सुती कापडाचे थर देऊन, कडांना शिवण घालून घड्या शिवल्या, उन्हात उघड्यावर वाळवायच्या असं बजावून, आणि त्या मी पाळी जाईपर्यंत वापरल्या, त्रास झाला नाही. लेकीनं त्या नाकारल्या आणि वन्संनी आग्रह केला नाही. भट्टीच्या धुराला घाण वास यायचा, ते काही बरं उत्तर नव्हतं. बरं उत्तर अजूनही कुणाकडे आहे असं मला वाटत नाही. पण निदान आमच्या घरात तो प्रश्न मोठ्यानं विचारला जाऊ लागला. साठी उलटलेल्या, विधवा, मराठी शाळेच्या मास्तरणीनं तो आधी विचारला होता, मी नाही.

तेराव्यानंतर चार दिवस मी धुमसत होते. मग पुण्याला लेकीला फोन केला. ती आता तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते. मी तिला म्हटलं की मला एक लिहायचंय आत्याबद्दल, पण त्यात तुझं काहीतरी येतं, तुला माहीत नसलेलं. आणि सांगायला लागले. खाण, रविवार, भूगोलाचं पान...

मग ती म्हणाली, "आई, मला माहीत होतं. पिशवी मी वरूनच ओळखली. मी पण गप्प उभी होते ना." त्याच संध्याकाळी ती आत्याकडे गेली होती. रडली होती, आपण सगळ्यांना खरं सांगू म्हणाली होती. आत्यानं तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की तुला कळलंय हे तुझ्या आईला कधी कळू देऊ नकोस, तिला ते सोसणार नाही. नऊ-दहा वर्षं ती पोर माझ्यासमोर जेवली, अभ्यास केला, मोठी झाली, आणि एका शब्दानं तिनं मला कळू दिलं नाही. म्हणजे वन्संनी मला तिच्यापासून सांभाळलं आणि तिला गावापासून, आणि दोघींचं ओझं स्वतःच्या नावावर घेऊन त्या कॉलनीतून मान खाली घालून चालल्या. तिनंच विचारलं की लिहिणार आहेस ना. मी म्हटलं, तुझं नाव नाही घालणार. त्यावर ती चिडली. ती म्हणाली की ते नाव झाकण्यासाठीच आत्या खोटी ठरली, आणि तू परत तेच झाकणार असशील तर लिहूच नकोस.

म्हणून लिहिते. त्या पानावर "अश्विनी, इयत्ता नववी, तुकडी ब" असं लिहिलेलं होतं. पिशवी मी टाकली होती. वन्संनी त्या खाणीत कधीच काही टाकलं नव्हतं.